जो आणि तो

श्रावणातली संध्याकाळ होती आणि वीज गेली होती. आई साताऱ्याहून चार दिवस राहायला आलेली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी जेवढा उजेड उरला होता तेवढ्यात ती घेवड्याच्या शिरा काढत बसली होती. शेजारच्या शेडच्या पत्र्यावर पाऊस एका लयीत वाजत होता. मी फोनवर एक सिनेमा बघत होते. तो मी त्याआधी दहा-बारा वेळा तरी पाहिला असेल, कारण तो जेमतेम एका मिनिटाचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, मुका, काळा-पांढरा. का कोण जाणे, त्या दिवशी तो कुणाला तरी दाखवावासा वाटला. "आई, एक मिनिट बघतेस?" असं विचारून मी फोन तिच्यासमोर धरला. तिने हात पदराला पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मान जरा मागे नेऊन, देवळात गाभाऱ्याकडे बघावं तशी, पडद्याकडे पाहू लागली.

रात्रीची वेळ. चर्चच्या आवाराची भिंत. बर्फ पडतोय. फाटक्या कपड्यांतलं एक पोर झाडू सांभाळत भिंतीच्या आधाराने कसंबसं चाललंय. कंदील घेतलेला एक पहारेकरी येतो. पोर कोसळतं, पहारेकरी त्याला सावरतो, कंदिलाचा उजेड त्याच्यावर पडतो. त्या उजेडात पोर हात जोडतं आणि तिथेच, पहारेकऱ्याच्या हातांत, मरतं. संपलं.

"हा मुलगा नाही गं, बाई आहे ही," आई म्हणाली. मग घेवड्याची पुढची शेंग उचलत तिने विचारलं, "आधी काय झालं होतं?"

"आधी काही नाही. सिनेमा एवढाच आहे."

"एवढाच कसा असेल? असं उठून एकदम कोणी मरतं का? आधी काहीतरी झालं असणार की." आणि मला गप्प बसलेलं पाहून, "नाव तरी काय होतं त्याचं?"

"जो."

"जो कोण?"

यावर मला उत्तरच सुचलं नाही. वीज आली, कुकर लागला, बातम्या सुरू झाल्या, पण ते दोन शब्द रात्रभर डोक्यातून गेले नाहीत. जो कोण? इंग्रजीत ते एका मुलाचं साधं नाव आहे. मराठीत ते नावच नव्हे, अर्धं वाक्य आहे. मराठी माणसाच्या कानावर 'जो' पडला की त्याचं मन आपोआप 'तो'ची वाट बघायला लागतं. जो चुकला, तो... जो आला, तो... शाळेत बाईंनी फळ्यावर 'जो' लिहिला की त्याच्यासमोर रेघ ओढून पुढची जागा रिकामी ठेवायच्या, आणि ती आम्ही भरायची. आईने न कळत नेमकं तेच म्हटलं होतं. तू मला नुसता 'जो' दाखवलास. 'तो' कुठे आहे?

'तो' आहे चार्ल्स डिकन्सच्या एका जाडजूड कादंबरीत. 'ब्लीक हाउस' १८५२ ते १८५३ या काळात महिन्याच्या महिन्याला हप्त्यांनी निघत होती. तिच्यात जो येतो तो लंडनच्या चिखलात रस्ता झाडणारा पोर म्हणून. भल्या माणसांनी रस्ता ओलांडताना बूट भरू नयेत म्हणून पुढे झाडत जायचं आणि मिळेल ते नाणं घ्यायचं. आडनाव नाही, आईबाप नाहीत, अक्षरओळख नाही. कुठे उभा राहिला की पोलीस म्हणतो, पुढे चल. पुढे म्हणजे कुठे, हे कुणीच सांगत नाही. त्याच्याशी माणसासारखं बोलणारा एकच जण, कागदपत्रांच्या नकला उतरवून पोट भरणारा एक कफल्लक लेखनिक. असले तर जोला पैसे द्यायचा, नसले तर सांगायचा, की आज मीही तुझ्याइतकाच गरीब आहे. तो मरतो आणि त्याला बेवारशांच्या कोंदट दफनभूमीत पुरतात. त्या रात्री जो तिथे जातो, लोखंडी फाटकाची पायरी आपल्या झाडूने स्वच्छ झाडतो आणि निघून जातो. त्याच्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं. शेवटी जो स्वतः मरायला टेकतो तेव्हा एक डॉक्टर त्याच्या उशाशी असतो. जो म्हणतो, फार अंधार झालाय, उजेड येतोय का? डॉक्टर म्हणतो, येतोय. मग डॉक्टर प्रार्थनेचा एकेक तुकडा सांगतो, जो त्याच्यामागून म्हणतो, आणि प्रार्थना अर्ध्यावर असतानाच जो संपतो.

हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आईला सांगितलं. मध्येमध्ये विसरत, मागे जात, पुन्हा पुढे येत. ऐकता ऐकता तिचा चहा गार झाला. मग तीच म्हणाली, लाव बघू पुन्हा ते. मी लावलं. तेच एक मिनिट, तीच भिंत, तोच बर्फ. या वेळी ती एक अक्षर बोलली नाही. पहारेकऱ्याच्या हातातला उजेड पोराच्या तोंडावर पडला तेव्हा तिने श्वास घेतलेला मला ऐकू आला. फोन माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "म्हणजे तो कंदील नाहीये."

दहा-बारा वेळा पाहूनही मला हे इतक्या साध्या शब्दांत म्हणता आलं नव्हतं.

'द डेथ ऑफ पुअर जो' हा सिनेमा जॉर्ज अल्बर्ट स्मिथ नावाच्या माणसाने इंग्लंडच्या ब्राइटन-होव्ह भागात १९०१च्या सुरुवातीला केला. डिकन्सच्या लिखाणावरून झालेल्या, आज हाती असलेल्या सिनेमांमध्ये सर्वांत जुना हाच. आणि तो कितीतरी वर्षं हाती असूनही कुणाला माहीत नव्हता. ब्राइटनच्या एका संग्राहकाने १९५४ साली तो ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे दिला आणि तिथे त्याची नोंद झाली ती 'माणसाला फाटका मुलगा भेटतो' अशा अर्थाच्या नावाने. २०१२ साली, डिकन्सच्या जन्माला २०० वर्षं झाली त्याच वर्षी, तिथल्या क्युरेटर ब्रायनी डिक्सन दुसरंच काहीतरी शोधत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की हा फाटका मुलगा म्हणजे जो. ५८ वर्षं जो तिथेच होता, डब्यात, अनोळखी. ज्या कुणी ती नोंद केली त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याने जे दिसलं ते लिहिलं. आईने पहिल्यांदा पाहिला तो हाच सिनेमा होता, माणसाला फाटका मुलगा भेटतो. एकच फिल्म, दोन नावं, आणि त्या दोहोंच्या मध्ये आठ-नऊशे पानांची कादंबरी.

आणि आईचं 'बाई आहे ही' हे तर पूर्ण बरोबर होतं. जोचं काम केलंय लॉरा बेलीने. ती नटी होती, स्मिथची बायको. हे मला नंतर वाचून कळलं. आईला चालण्यावरून कळलं. तिला गोष्ट माहीत नव्हती म्हणून ती चाल बघत होती. मी गोष्ट बघत होते. पण यातही एक पदर आहे. १८७६ साली लंडनच्या रंगभूमीवर 'जो' याच नावाचं नाटक गाजलं होतं आणि त्यात जोची भूमिका जेनी ली या नटीची होती. तेव्हाच्या प्रेक्षकाच्या मनात जो म्हटल्यावर उभी राहायची ती मूर्तीच मुळी पोराच्या वेशातल्या बाईची. म्हणजे त्यांना ते खटकणं तर सोडाच, उलट त्याने ओळख पटत असणार. ज्यांनी बालगंधर्वांच्या पदराच्या घडीवरून बायकांना नेसणं शिकताना पाहिलं, त्या आपल्या पणज्यांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती.

तेव्हापासून मी असले सिनेमे शोधून शोधून बघते आहे. आणि दर वेळी मला तीच रिकामी जागा दिसते. १८९९ साली लंडनमध्ये नामवंत नट हर्बर्ट बीअरबोम ट्री याने शेक्सपिअरच्या 'किंग जॉन'मधले काही प्रवेश कॅमेऱ्यासमोर केले. त्यातला उरलाय तो मरणाचा प्रवेश. विष चढलेला राजा खुर्चीत तडफडतोय, अंग आवळतोय, हात फेकतोय. शेक्सपिअर म्हणजे शब्द, आणि इथे एक शब्द नाही. ओठ हलतात. ज्याला ते संवाद पाठ होते त्याला ते ऐकू येत असणार. मला येत नाहीत. मला फक्त एक घाबरलेला माणूस दिसतो, आणि खरं सांगायचं तर तो मला फार हलवून जातो, कदाचित शब्द नाहीत म्हणूनच. १९०१च्याच अखेरीला रॉबर्ट पॉलच्या कंपनीने डिकन्सच्या कंजूष स्क्रूजची गोष्ट केली. दाराच्या कडीवर मार्ली या मेलेल्या भागीदाराचा चेहरा उमटतो ती करामत अजून अंगावर येते. पुस्तकात स्क्रूजला मार्लीच्या भुतानंतर तीन आत्मे भेटतात. इथे मार्ली एकटाच पांढरी चादर पांघरून सगळ्यांचं काम करतो. त्या सिनेमाचा आज साडेतीन मिनिटांच्या आसपासचा भाग उरलाय. १९१० साली अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने 'फ्रँकन्स्टाइन' एका रिळात बसवला. त्यात राक्षस जन्मतो तो प्रसंग करायला त्यांनी एक बाहुला पेटवला आणि ते चित्रण उलटं चालवलं. त्यामुळे राखेतून, धुरातून मांस गोळा होत होत हाडांवर चढताना दिसतं. मी तो रात्री एकटीने पाहिला आणि नंतर उठून दिवाणखान्यातला दिवा लावून आले.

पण माझा जीव अडकलाय तो लुईस कॅरलच्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकावरून केलेल्या 'ॲलिस'मध्ये. १९०३ साली सेसिल हेपवर्थ आणि पर्सी स्टो यांनी तो केला. लांबी ८०० फूट, चालायला बारा-एक मिनिटं, आणि तेवढ्यावर तो तेव्हाचा इंग्लंडमधला सर्वांत लांब सिनेमा ठरला. आज त्यातली आठ-नऊ मिनिटं उरली आहेत, तीही डागांनी आणि चरांनी इतकी खाल्लेली की ॲलिस जणू पावसातून धावते आहे असं वाटतं. मे क्लार्क ही मुलगी स्टुडिओतच काम करायची, तिला ॲलिस केलं. हेपवर्थची बायको ससा झाली आणि राणीही झाली. हेपवर्थ स्वतः बेडूकतोंड्या दरवान झाला. घरचा कुत्रा कुत्रा झाला. आणि घरचं मांजर ते चेशायरचं मांजर झालं. ते पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, की ते मांजर म्हणजे निव्वळ हसू. मांजर विरून जातं आणि हसू मागे राहतं. सिनेमातलं मांजर मात्र झुडपांत नुसतं बसलेलं दिसतं, कोणतंही घरगुती मांजर बसतं तसं, जरा कंटाळलेलं, आपल्याच नादात. ते हसत नाही. हसू प्रेक्षकाने घरून आणायचं. टेनिअलने काढलेली पुस्तकातली चित्रं त्यांच्या डोळ्यांत इतकी मुरलेली होती, की त्यांनी ते आणलंही असणार. पुढे तर दुकानदारी अशी होती, की खेळवाल्यांना हवा तो प्रवेश सुटा विकत घेता यायचा. कुणी फक्त चहापानाचा तुकडा न्यायचं. तरी लोक बघायचे, कारण आधीचं आणि नंतरचं त्यांच्याजवळ होतंच.

मला हे इतकं आपलं का वाटतं, याचा विचार करताना मी वाईच्या राममंदिरात जाऊन पोचते. आजोळ तिथलं. चैत्रातल्या नवरात्रात रात्री कीर्तन असायचं. उदबत्ती, घामेजलेली गर्दी, सतरंजीचा खरखरीत स्पर्श आणि पेटीचा भाता मध्येच सुस्कारल्यासारखा वाजायचा. पूर्वरंगात मी हमखास आजीच्या मांडीवर झोपायचे आणि उत्तररंगात झांजेच्या आवाजाने उठायचे. एका वर्षी बुवांनी हरिश्चंद्राचं आख्यान लावलं होतं. स्मशानात डोंबाचा चाकर झालेला राजा, सर्पदंशाने गेलेल्या रोहिदासाला घेऊन आलेली तारामती, आणि राजा तिच्याकडे दहनाचा कर मागतो. तिच्याजवळ काही नाही. बुवा तिथे थांबले. नुसते थांबले. चिपळ्या खाली, डोळे मिटलेले. आणि बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी जायला लागले. तारामती आता आपलं अर्धं वस्त्र फाडून देणार हे बुवांनी अजून म्हटलंच नव्हतं. म्हणायची गरज नव्हती. आजीच्या पोटात उठलेला हुंदका मला माझ्या पाठीला कळला होता.

बुवा 'जो' म्हणायचे. 'तो' त्या सतरंजीवर बसलेला असायचा.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२च्या सुमाराला 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली, तीही याच भरवशावर. काचेवर रंगवलेली पुराणातली चित्रं, दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी केलेली, आणि जोडीला निवेदन. कुडाळजवळच्या पिंगुळीला मी चित्रकथी पाहायला गेले होते. कलाकार पोथीतला एकेक कागद उभा धरून आख्यान गातो. एका कागदावर एक प्रसंग. दोन कागदांच्या मध्ये किती वनवास गेला ते गाण्यातून आणि ऐकणाऱ्यातून भरून निघतं. शेजारी बसलेले एक आजोबा कागद पालटायच्या आधीच पुढचं नाव पुटपुटत होते.

म्हणून धुंडिराज गोविंद फाळके १९१२च्या फेब्रुवारीत लंडनला गेले ही गोष्ट मला नुसता इतिहास वाटत नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची गाठ ज्या माणसाशी घालून दिली तो सेसिल हेपवर्थ. थेम्सकाठच्या वॉल्टनला त्याचा स्टुडिओ होता. तिथे फाळक्यांना सगळे विभाग बघू दिले, चित्रण कसं होतं ते दाखवलं. नऊ वर्षांपूर्वी ॲलिस ज्या गावात सशामागे धावली, त्याच गावात विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून आलेले आपले दादासाहेब उभे होते. मला ते डोळ्यांसमोर आणायला फार आवडतं. फेब्रुवारीतली तिकडची थंडी, अंगात कोट, आणि मनात राम, कृष्ण, हरिश्चंद्र. ते विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले, एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोज थोडंथोडं चित्रण करून अंकुर मिनिटभरात उगवताना दाखवला. मग दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लागला. लांबी ३७०० फूट. तारामतीला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. तिकडे लॉरा बेली पोराचा वेश करते, इकडे साळुंके मिशी उतरवून राणी होतात, आणि १९१९ साली फाळक्यांची लेक मंदाकिनी 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण होते. 'कालिया मर्दन'च्या सुरुवातीला तिचा नुसता चेहरा येतो, भाव पालटत जातात आणि बघता बघता तिचाच कृष्ण होतो. सोंग झाकायची त्यांना गरजच वाटली नाही, इतका त्यांचा समोर बसलेल्यांवर विश्वास होता.

'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं तेवढं आहे. ती १९१३ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या सिनेमाची, यावर जाणकारांत वाद आहे. पण मला थक्क करते ती निराळीच गोष्ट. मधली दोन रिळं नाहीत, आणि मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ती नसल्याचं जाणवलंच नाही. राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतो, शिकारीला जातो, विश्वामित्राच्या यज्ञात विघ्न आणतो, आणि मग पुढे, मधलं सगळं गिळून, शेवट. माझ्या मनाने मधली रिळं कधीच चालवून टाकली होती. वाईच्या सतरंजीवर.

हेच मी माझ्या भाचीला दाखवलं. ती बंगळुरूला वाढलेली, बारा वर्षांची, चौकस. तिने बघता बघता म्हटलं, "मावशी, राणीचे दंड बघ. पुरुष आहे ना ती?" आणि संपल्यावर विचारलं, "मध्ये काय झालं?" मी आईला जोची गोष्ट सांगितली होती, तशी तिला हरिश्चंद्राची सांगितली. विश्वामित्राला दिलेलं वचन, काशी, बाजारात झालेली विक्री. ती ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आठ्या होत्या. "राज्य त्याचं, वचन त्याचं. मग विकलं तिला का?" मला काही बोलता येईना. इतकी वर्षं मी हे आख्यान ऐकलं, त्यावर रडले, माझी आजी रडली, आणि हा प्रश्न आम्हाला शिवला नाही. गोष्ट आधीपासून अंगात असली की ती रिकामी जागा भरते हे खरं. पण ती डोळ्यांवर पदरही ओढते. आईला जोमध्ये बाई दिसली आणि भाचीला तारामतीमध्ये एक विकलेली बाई दिसली, ती दोघींना गोष्ट ठाऊक नव्हती म्हणूनच. मी दोन्हीकडे ओळखीच्या डोळ्यांनी बघत बसले होते. तरीही माझ्या भाचीच्या पोटात तो हुंदका कधी येणार नाही, याचं मला वाईट वाटतं. ही दोन्ही दुःखं माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना हलू देत नाहीत.

हेपवर्थचा शेवट वाचला त्या दिवशी मला आजीचा शालू आठवला. १९२४ साली त्याची कंपनी बुडाली आणि वसुली करणाऱ्यांनी त्याच्या फिल्मच्या मूळ निगेटिव्ह वितळवल्या, त्यातल्या चांदीसाठी. फिल्मच्या पापुद्र्यात चांदी असते. चेहरे, झाडं, पाऊस, सगळं त्या चांदीनेच उमटलेलं असतं. आमच्याकडे एक जण दारावर यायचा, जुनी जर घेणारा. आजी गेल्यावर तिचा विरलेला शालू आईने त्याला दिला. त्याने तो तिथेच अंगणात तराजूत घातला, आणि नंतर तो जाळतात, जर गळून चांदी निघते, असं आईला सांगितलं. आईने पैसे मोजून घेतले, आत आली आणि बराच वेळ कपाटाच्या रिकाम्या कप्प्यावरून हात फिरवत राहिली. आपल्याकडे मूकपटांच्या जमान्यात सुमारे १३०० सिनेमे झाले आणि त्यातले दोन-तीन डझनसुद्धा धड उरले नाहीत. काही जळले, काही सडले, काही असेच चांदीच्या भावाने गेले. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात पी. के. नायर यांनी उभा जन्म घालवून फाळक्यांची जी रिळं गोळा केली, ती नसती तर मंदाकिनीचा तो चेहराही आज आपल्याकडे नसता.

आई परत साताऱ्याला जायची होती त्याच्या आदल्या रविवारी पाऊस थांबता थांबत नव्हता. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी आपल्या मुलीला बरोबर आणलं होतं. आठ वर्षांची असेल. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. आईने माझा फोन मघाशीच मागून नेला होता. दिवाणखान्यातून तिचा आवाज येत होता, ती लहानपणी मला गोष्ट सांगायची तसा, जरा खालच्या पट्टीतला.

ती जोची गोष्ट सांगत होती. पण ही मी सांगितलेली नव्हती. हिच्यात त्याची आई पटकीत गेली होती. तो झाडायचा तो रस्ता बाजारपेठेतला होता आणि त्यावरून बैलगाड्या जात होत्या. लेखनिक होता मामलेदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, दम्याने बेजार. पुढे चल म्हणणारा पोलीस मात्र तसाच होता, आणि फाटकही लोखंडीच होतं. मी हातातली घडी तशीच धरून उभी राहिले. आत जाऊन दुरुस्त करावं असं एकदाही वाटलं नाही.

"नाव काय त्याचं?" मुलीने विचारलं.

"जो."

"जो कोण?"

आई थांबली. खिडकीवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

"जो रोज रात्री त्या फाटकाची पायरी झाडायचा ना," ती म्हणाली, "तो. आता बघ हं."